घरी नको, हॉटेलात ये

धाकट्या बहिणीचा, अनुजाचा मेसेज आला तेव्हा संयोगिता गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ओल्या हातानंच तिनं तो वाचला. अनुजा आणि तिचा नवरा सिंगापूरहून निघालेल्या मोठ्या जहाजावर सहलीला होते. ते जहाज पुढच्या मंगळवार-बुधवारी गोव्याच्या बंदरात थांबणार होतं. ज्यांना हवं त्यांना तिथून बसनं कोल्हापूर दाखवायला आणणार होते. अंबाबाईचं देऊळ, नवा राजवाडा, आणि मंगळवारी दुपारी चार वाजता विमानतळाच्या रस्त्यावर नव्यानं झालेल्या पंचतारांकित हॉटेलात चहा. मुक्काम तिथंच. बुधवारी सकाळी परत. नवरा जहाजावरच राहणार होता, एकटी अनुजा येणार होती.

शेवटी लिहिलं होतं, 'मी घरी येणार नाही. तू आणि दाजी चारला हॉटेलात चहाला या.'

संयोगितानं मेसेज दोनदा वाचला आणि उरलेले कपडे तसेच बादलीत ठेवून आत आली.

तिचे यजमान गणपतराव कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर होते. संध्याकाळी ते आले, तेव्हा तिनं फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. चष्मा लावून त्यांनी वाचलं.

"गावात यायचं आणि घराचा उंबरा न्हाय चढायचा," ते म्हणाले. "पावणी झाली व्हय ती आता?"

संयोगिता म्हणाली, आपण जाऊयाच नको. पण गणपतरावांनी ऐकलं नाही. दोन वर्षं त्यांनी मेहुणीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आता ती स्वतः बोलावत होती, तर तिच्या तोंडावर चार शब्द बोलायची संधी त्यांना सोडायची नव्हती. मंगळवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

रागाचं कारण तसंच होतं. बाळाबाई, म्हणजे या दोघी बहिणींची आई, पक्षाघातानं उजवी बाजू गेल्यावर अकरा वर्षं संयोगिताकडे, कोल्हापूरच्या कळंब्यात होती. संयोगितानं त्यासाठी दूध संघाच्या ऑफिसातली नोकरी सोडली. आईचं न्हाणं-धुणं, भरवणं, कूस बदलणं, रात्रीचं उठणं, सगळं तिनं केलं. धाकटी अनुजा ऑस्ट्रेलियात पर्थला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. ती दर रविवारी फोन करायची, दोन वर्षांनी एकदा तीन आठवडे यायची, आईसाठी हवेची गादी आणि मलमं आणायची. इथवर गणपतरावांची काही तक्रार नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बाळाबाईला न्यूमोनिया झाला, नऊ दिवस दवाखान्यात काढून ती गेली, आणि अनुजा आली नाही. संयोगितानं तेव्हा नवऱ्याला सांगितलं होतं की अनुजाला कळवलंय, पण तिला सुट्टी मिळत नाही, तुम्हीच उरका म्हणाली. गणपतरावांनी ही गोष्ट संयोगिताच्या माहेरी, मुरगूडला सगळ्या भावकीत सांगितली. तेराव्याला अनुजाचा फोन आला, तेव्हा तो त्यांनी संयोगिताच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "आता हिकडं यायचं कारण न्हाय. आई आमच्यासाठी आत्ता मेली, तुझ्यासाठी कवाच मेल्ती."

अनुजानं त्यावर फोन ठेवून दिला होता. त्यानंतर आला तो थेट हा मेसेज.

मंगळवारी संयोगितानं आधी रोजची सुती साडी नेसली. तिच्यासाठी नटून गेलो असं कुणाला वाटायला नको होतं. मग निघताना आरशात बघून तिला वाटलं, या साडीत आपण तिथली कामवालीच दिसू. तिनं ती फेडून भाचीच्या लग्नातली जांभळी रेशमी साडी नेसली. गणपतराव खाली हॉर्न वाजवत होते. सबंध रस्ता ते काय काय बोलायचं ते बोलून बघत होते. ती खिडकीबाहेर बघत होती. अनुजानं नुसत्या चहासाठी बोलावलं नसणार, हे तिला आतून ठाऊक होतं.

हॉटेलच्या दारात रखवालदारानं गाडीची डिकी उघडायला लावली, मग आरसा लावलेली काठी गाडीखाली फिरवली.

"काय हुडकालाईस बाबा," गणपतराव म्हणाले. "चहाला आलोय आम्ही."

मागच्या हिरवळीवर पांढऱ्या छत्र्यांखाली टेबलं मांडली होती. जहाजावरची तीस-चाळीस माणसं बसली होती, बहुतेक म्हातारी, उन्हानं लाल झालेली. प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबरचा गोल कागद चिकटवलेला होता. फेटा बांधलेले वेटर तीन मजली ताटल्या घेऊन फिरत होते. अनुजा सगळ्यात कडेच्या टेबलापाशी होती. केस बारीक कापलेले, ते रंगवणं तिनं सोडून दिलं होतं. तिच्या शर्टावर निळ्या गोलात दोनचा आकडा होता. ती उठून उभी राहिली, पण पुढं आली नाही. दर वेळी ती गणपतरावांच्या पाया पडायची. या वेळी तिनं नुसते हात जोडले, आणि तेही त्यांनाच.

कोणी कुणाला कशी आहेस म्हणून विचारलं नाही.

वेटरनं चहाच्या नावांचं कार्ड ठेवलं. गणपतरावांनी ते न बघता परत सरकवलं आणि साधा चहा आण म्हणून सांगितलं. वेटर नम्रपणे आसाम, दार्जिलिंग असं काहीतरी बोलू लागला.

"साधा म्हंजे साधा. दूध-साखर घालून उकळून आणायचा."

"तिघांनाही तोच," अनुजा म्हणाली.

चहा येईपर्यंत गणपतरावांना धीर धरवला नाही. आवाज न वाढवता, पण एकही शब्द न गाळता त्यांनी सगळं बोलून घेतलं. आईनं शेवटच्या दिवसांत किती वेळा तिचं नाव घेतलं, संयोगितानं कशा रात्री काढल्या, रक्षाविसर्जनाला भावकीनं धाकटीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनाच कशी मान खाली घालावी लागली. जहाजातनं फिरायला सुट्टी मिळते, आईला बघायला मिळत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी वळून बघू लागली. चहा आला, तसाच निवत राहिला.

 ते थांबले तेव्हा अनुजानं विचारलं, "दाजी, मला सुट्टी मिळत नाही असं मी कुणाला म्हणाले?"

"हिला. फोनवर."

"कधी?"

"कधी म्हंजे? आई दवाखान्यात असताना."

"आई दवाखान्यात होती हे मला गेल्या मे महिन्यात कळलं," अनुजा म्हणाली.

गणपतरावांनी बायकोकडे बघितलं. संयोगिता कपाच्या कानाला धरून बसली होती.

अनुजानं मग सगळं नीट, ओळीनं सांगितलं. आई झोपेत गेली एवढंच तिला कळवलं होतं, आणि तेही अग्नी दिल्यावर. तिनं त्यावर विश्वास ठेवला. दाजी फोनवर बोलले ते दुःखात बोलले असं समजून गप्प बसली. मे महिन्यात तिला शाळेतली मैत्रीण नजीरा फोनवर भेटली. नजीरा त्याच दवाखान्यात नर्स होती. बोलता बोलता नजीरा म्हणाली की, तुझी आई आमच्या वॉर्डात नऊ दिवस होती, शुद्धीवर होती, दर पाळीच्या नर्सला अनू आली का म्हणून विचारायची. अनुजाला हे ठाऊक असेल असंच तिला वाटलं होतं. ठाऊक नाही म्हटल्यावर ती फोनवरच रडायला लागली.

"फोन लागत नव्हता तुझा," संयोगिता म्हणाली.

"त्या नऊ दिवसांत एक रविवार आला होता, आक्का. मी नेहमीसारखा फोन केला. आपण सात मिनिटं बोललो. तू म्हणालीस, आई झोपलीय."

"झोपलीच होती."

"मागं कुणीतरी नंबर पुकारत होतं. मी विचारलं, कुठं आहेस. तू म्हणालीस, बँकेत." अनुजा थांबली. "रविवारी."

गणपतरावांच्या मांडीवरचा रुमाल खाली पडला. तो उचलायचं भान त्यांना राहिलं नाही. त्यांनी काही वेळ बायकोच्या तोंडाकडे बघितलं. ती नाही म्हणेल, कशाला खोटं बोलतीस म्हणून बहिणीवर तुटून पडेल, याची ते वाट बघत होते. तिनं मान वर केली नाही.

"माझ्या तोंडानं वदवून घेतलंस व्हय सगळं," ते बायकोला म्हणाले, आणि उठून पार्किंगकडे चालू लागले.

दोघी बहिणीच उरल्या. वेटर येऊन चहा गार झालाय, दुसरा आणू का म्हणाला. अनुजानं त्याला हातानंच जायला सांगितलं.

"मी या हॉटेलात का बोलावलं ठाऊक आहे?" ती म्हणाली. "घरी आले असते तर तू मला खायला घातलं असतंस. तुझ्या हातचं खाऊन मला हे विचारता आलं नसतं. का केलंस, तेवढं सांग."

संयोगिताला आता राग आला. रागात तिला बरं वाटलं, कारण तो ओळखीचा होता. अकरा वर्षांचं सगळं तिनं बाहेर काढलं. नोकरी गेली, गुडघे गेले, एका लग्नाला दोघांना मिळून जाता आलं नाही, रात्री दोन-दोनदा चादरी बदलल्या. तुझा रविवारी फोन यायचा, आई दिवसभर खुशीत असायची, आणि सोमवारी पुन्हा माझ्यावर ओरडायची. तुझ्या गादीचं, तुझ्या मलमाचं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक. मी केलेली पेज मात्र खारट.

"तू केलंस," अनुजा म्हणाली. "मी कधी नाही म्हटलंय? जन्मभर म्हणेन, तू केलंस. पण ते नऊ दिवस माझे होते." तिचं इतका वेळ जपून चाललेलं नीटनेटकं बोलणं एकदम सुटलं आणि ती गावाकडचं बोलू लागली. "मी आलो असतो, आक्का. मिळेल त्या विमानानं निघालो असतो. तुला म्हायती होतं मी येणार ते."

"म्हायती होतं म्हणूनच न्हाय सांगितलं."

हे बोलून गेल्यावर संयोगिताला मागं फिरता येईना. तिनं ताटलीतला सुरीनं कापलेला सँडविचचा तुकडा उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग तिनं सांगितलं.

पहिले पाच दिवस डॉक्टर म्हणत होते की दोन दिवसांत घरी नेता येईल, म्हणून तिनं उगाच घोर नको म्हणून कळवलं नव्हतं. सहाव्या दिवशी, शनिवारी, आईचा ताप चढला. ती संध्याकाळी आईचं अंग पुसत होती. आईला नीट दिसत नव्हतं. तिनं डाव्या हातानं संयोगिताचं मनगट धरलं आणि विचारलं, अनू, आलीस व्हय? संयोगिताला दया आली. म्हातारीला तेवढंच समाधान, म्हणून ती म्हणाली, आलो, आई. आईचा चेहरा उजळला. मग तिनं आवाज बारीक केला.

"म्हणाली, मला तुझ्याकडं ने. संयोगिताला सांगू नकोस. तिचा हात लई जड हाय." संयोगिता बहिणीकडे बघत नव्हती. "मला सांगितलं तिनं हे. तुला न्हाय, मला. माझाच हात धरून. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. मी बाहेर बाकड्यावर बसलोतो. सांगणारच होतो. पण तू लगेच येणार, तिच्या उशाशी बसणार, आणि ती तुला सगळं सांगणार. चार दिवसांसाठी येऊन तू चांगली आणि मी अकरा वर्षं करून वाईट. मग मी बँकेत म्हणालो."

हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हसत होतं.  

"होता का जड?" अनुजानं विचारलं.

संयोगिताला नाही म्हणता आलं असतं. म्हातारं माणूस बरळतं, असं म्हणून सुटता आलं असतं. कुणी साक्षीदार नव्हता. आजवर तिनं स्वतःलाही असंच सांगितलं होतं.

"कधी कधी," ती म्हणाली. "दोनदा मारलंय मी तिला. एकदा दंडावर. एकदा गालावर. पेज थुंकली होती म्हणून."

तिला वाटलं होतं, अनुजा ओरडेल, निदान रडेल तरी. अनुजानं आपली खुर्ची मागं घेतली. फार नाही, हातभर. मग ती हळू आवाजात म्हणाली, "जा तू आता."

"अनू…"

"जा म्हणाले ना."

तेवढ्यात झेंडा घेतलेली गाईड बाई आली आणि दोन नंबरच्या बसमधल्या लोकांना आत नाच बघायला बोलावू लागली. अनुजा उठली, पर्स उचलली आणि त्या लोकांत मिसळली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. टेबलावरच्या तीन मजल्यांतलं काहीही कुणी खाल्लं नव्हतं.

गणपतराव गाडीत बसून होते. ती बसली, त्यांनी गाडी काढली.  घरात आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तेराव्याला मी तिला काय म्हणालो, तुझ्या ध्येनात हाय?" ती हो म्हणाली. "तू शेजारी उभी हुतीस," ते म्हणाले. "हात धरायचा हुतास माझा." त्या दिवशी त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं.

सकाळी सहाला ते अंघोळ करून तयार झाले. संयोगितानं विचारलं, कामावर इतक्या लवकर कशाला. ते म्हणाले, कामावर नाही. अनुजाशी ते फोनवर बोलले होते. तिला बसनं न जाता त्यांच्या गाडीनं मुरगूडला नेणार होते. बाळाबाईची रक्षा पाण्यात न सोडता तिथं शेतात खड्डा काढून घातली होती, त्यावर जांभळाचं रोप लावलं होतं. ते अनुजाला दाखवायचं आणि तिथून परस्पर गोव्याला बंदरात सोडायचं, असं ठरलं होतं. येतेस का, असं त्यांनी बायकोला विचारलं नाही. वाटेत खायला म्हणून तिनं घाईघाईनं दशम्या बांधल्या. त्यांनी डबा टेबलावरच ठेवला आणि खाली उतरले.

ते परतले तेव्हा अंधार पडला होता. जेवताना त्यांनी सांगितलं की जहाजाच्या वेळेत पोचलो. तिथं काय झालं, अनुजा काय म्हणाली, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि तिला विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर अनुजाचे फोन पुन्हा सुरू झाले, पण ते गणपतरावांच्या मोबाईलवर. घरात दोघांचं बोलणं भाजी काय करू आणि गॅस संपलाय एवढ्यावर आलं. संयोगितानं एकदा बहिणीला लांबलचक मेसेज लिहिला. त्यात माफीचा शब्द घालायचा की नाही हे तिला ठरवता आलं नाही. माफी मागितली तर आईनं म्हटलेलं खरं होतं असं होत होतं, आणि ते खरंही होतं, पण सगळं खरं तेवढंच नव्हतं. तिनं तो पाठवलाच नाही.

मार्चमध्ये मुरगूडला चुलतभावाच्या मुलाचा, यशराजचा साखरपुडा होता. न जावं तर लोकांना कारण सांगावं लागलं असतं, म्हणून दोघं गेले. मांडवात पंगत बसली होती आणि संयोगिता इतर बायकांबरोबर वाढत होती. जेवता जेवता कुणीतरी अनुजाचा विषय काढला. बाळाबाईची धाकटी जाऊ धोंडुबाई फटकळ होती. ती म्हणाली, आईच्या मातीला न आलेली पोर आता जहाजातनं फिरती म्हणं.

गणपतरावांनी ताटातला हात थांबवला. "धोंडुकाकी, ते मी सांगितलेलं खोटं हुतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "अनुजाला कळवलंच नव्हतं. आमच्याकडनं चूक झाली. तिला कुणी नाव ठेवू नका."

 संयोगिता भाताचं पातेलं घेऊन चार ताटं पलीकडे उभी होती. नवऱ्यानं आमच्याकडनं म्हटलेलं तिनं ऐकलं. त्यांनी तिला झाकलं होतं. दोन महिने ते धड बोलले नव्हते, आणि तरीही झाकलं होतं. ते तिला सोसवेना.

"आमच्याकडनं म्हंजे कुणाकडनं?" धोंडुबाईनं विचारलं. "कळवायचं कुणाकडं हुतं?"

"माझ्याकडं," संयोगिता म्हणाली. "मीच न्हाय कळवलं. मुद्दाम न्हाय कळवलं."

 गणपतराव तिच्याकडे बघत होते, पहिल्यांदाच, त्या मंगळवारनंतर. ती ओळीनं भात वाढत पुढं आली. धोंडुबाईच्या ताटापाशी वाकली, तेव्हा धोंडुबाईनं ताटावर हात आडवा धरला.

संयोगिता पुढच्या ताटाकडे वळली.